ऑगस्टीन आफ्रिकेचा होता, पण कोणाच्या बाजूचा होता?

२०२५ च्या मे महिन्यात नवे पोप लिओ चौदावे निवडून आले आणि आपण संत ऑगस्टीनचे पुत्र आहोत असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. ते ऑगस्टीनच्या नावाने चालणाऱ्या संघातले आहेत. त्यानंतर आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका मैत्रिणीने हा विषय काढला. ती नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती दलित घरातली. ती म्हणाली, "चर्चमधल्या चित्रात ऑगस्टीन कायम गोरा दाखवतात. पण तो तर आफ्रिकेचा होता. आजच्या अल्जीरियाचा. म्हणजे आपल्याच बाजूचा ना?"

आम्ही सगळे खूश झालो. युरोपने पळवलेला एक माणूस आपण परत आणला असे वाटले. आम्ही समाजशास्त्र शिकलो ते ज्या पुस्तकांतून, त्यात ज्ञान नेहमी युरोपातून निघते आणि बाकीच्या जगाकडे वाहते. त्यामुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराचा पाया घालणारा माणूसच मुळात आफ्रिकन निघाला, तर त्याचा आनंद होणारच. आम्ही वर्गात ठरवले की पुढचे काही रविवार ऑगस्टीन वाचायचा.

वाचून संपेपर्यंत तो आनंद तसाच राहिला नाही. का राहिला नाही, आणि त्या वाचनाने आमच्याच वस्तीतली एक गोष्ट आमच्यासमोर कशी आणून उभी केली, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी माणूस कोण ते पाहू. ऑगस्टीनचा जन्म इ.स. ३५४ मध्ये थागास्ते या गावी झाला. ते गाव म्हणजे आजच्या अल्जीरियातले सूक आहरास. बाप पॅट्रिशियस लहानसा जमीनदार, गावच्या पंचसभेतला. आई मोनिका ख्रिस्ती. घरात पैशाची ओढाताण होती, पण गावातल्या एका धनिकाने शिक्षणाचा खर्च उचलला. मुलगा कार्थेजला शिकला, मग रोमला आणि मिलानला वक्तृत्वाचा शिक्षक झाला. ३८७ मध्ये मिलानला बिशप अँब्रोझकडून त्याने बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या वर्षी आफ्रिकेत परतला. हिप्पो या बंदराच्या शहरात, म्हणजे आजच्या अ‍ॅनाबात, तो पस्तीसेक वर्षे बिशप होता. ४३० मध्ये वँडल टोळ्यांनी शहराला वेढा घातलेला असताना तो तिथेच वारला.

हा प्रदेश तेव्हा रोमची वसाहत होता. कार्थेज रोमने इ.स.पूर्व १४६ मध्ये उद्ध्वस्त केले होते. त्यानंतर तिथले गहू आणि ऑलिव्हचे तेल रोमकडे जात राहिले. शहरांत लॅटिन, खेड्यांत प्यूनिक आणि लिबियन बोली. शिकलेला माणूस म्हणजे लॅटिन बोलणारा माणूस. बोलीवाल्यांना हसणारे तेव्हाही होते. मदौराच्या मॅक्सिमस नावाच्या एका व्याकरणाच्या मास्तराने प्यूनिक नावे असलेल्या हुतात्म्यांची टिंगल केली. तेव्हा ऑगस्टीनने त्याला पत्रातून सुनावले, की तू आफ्रिकन, लिहितोस आफ्रिकनांना, आणि आपल्याच भाषेची लाज बाळगतोस? हे वाचून आमच्या वर्गात टाळ्या पडल्या. आपली बोली बोलली म्हणून कॉलेजात ज्यांना हसले गेले, त्यांना हे पत्र कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

इथेच पुस्तक मिटले असते तर ऑगस्टीन आमचा नायक झाला असता. पण फुल्यांनी आणि बाबासाहेबांनी आपल्याला एक सवय लावली आहे. माणूस काय बोलला ते वाचून झाले की तो कोणाच्या बाजूने उभा राहिला ते तपासायचे.

ते तपासायचे तर डोनाटिस्टांपासून सुरुवात करावी लागते. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्त्यांवर छळ सुरू केला. धर्मग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली करा, नाहीतर शिक्षा भोगा, असा हुकूम निघाला. काही पाद्र्यांनी ग्रंथ देऊन टाकले, काहींनी नकार देऊन मरण पत्करले. छळ थांबल्यावर वाद पेटला. ज्यांनी सत्तेपुढे मान तुकवली त्यांच्या हातून संस्कार घ्यायचे का? आफ्रिकेतल्या खूप मोठ्या समूहाने नाही म्हटले आणि आपला वेगळा बिशप निवडला. त्यांच्या पुढाऱ्याचे नाव डोनाटस, म्हणून ते डोनाटिस्ट. तोवर सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती धर्माच्या पाठीशी आला होता. त्याने आणि ३१४ च्या आर्ल येथील धर्मसभेने दुसऱ्या बाजूला मान्यता दिली. डोनाटिस्ट मात्र हटले नाहीत. सम्राटाचा चर्चशी संबंध काय, असा सवालच डोनाटसने केल्याची नोंद त्याच्या विरोधकाने करून ठेवली आहे. पुढची शंभर वर्षे आफ्रिकेत गावोगावी दोन बिशप आणि दोन चर्च होती, आणि कित्येक ठिकाणी डोनाटिस्टच जास्त होते.

त्यांच्यातच सर्कमसेलियन नावाचा एक गट होता. ऑलिव्हच्या मळ्यांत हंगामी मजुरी करीत फिरणारी ही माणसे. सावकारांना धमकावून कर्जाचे दस्त नष्ट करणे, मालकाला रथातून उतरवून गुलामाला आत बसवणे आणि मालकाला रथापुढे पळवणे, असे त्यांचे प्रकार नोंदलेले आहेत. ते वाचताना आमच्यातल्या एकाने हळूच "जय भीम" म्हटले.

पण आम्ही इथे स्वतःला अडवले. ही सगळी माहिती त्यांच्या शत्रूंनी लिहिलेली आहे. आपल्याकडे चार्वाक जसा त्याला खोडून काढणाऱ्यांच्या पोथ्यांतूनच उरला, तसे डोनाटिस्टांचे पुष्कळसे म्हणणे ऑगस्टीनने खंडन करण्यासाठी उतरवून घेतले म्हणून उरले. शिवाय हे मजूर नुसते न्यायाचे पुतळे नव्हते. विरोधी पाद्र्यांना त्यांनी सोट्यांनी झोडपले, डोळ्यांत चुना आणि व्हिनेगर ओतले, असेही आरोप आहेत. कालामाचा बिशप पॉसिडियस याच्यावर हल्ला झाला होता. स्वतः ऑगस्टीन एकदा वाटाड्या रस्ता चुकला म्हणूनच दबा धरून बसलेल्यांच्या हातून वाचला. डब्ल्यू. एच. सी. फ्रेंड या इतिहासकाराने १९५२ मध्ये डोनाटिस्ट चळवळीत खेड्यातल्या बर्बर लोकांचा सामाजिक विद्रोह पाहिला. ए. एच. एम. जोन्स यांनी त्यावर शंका घेतली, की जुन्या धर्मभेदांना आजच्या राष्ट्रवादाचे आणि वर्गलढ्याचे कपडे घालू नका. ही शंका रास्त आहे. डोनाटिस्टांचे बिशपही लॅटिनच लिहीत होते, त्यांच्यातही जमीनदार होते. तेव्हा डोनाटिस्ट म्हणजे त्या काळातले दलित असे सोपे समीकरण आम्ही मांडत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की ऑगस्टीनने त्यांच्याशी काय केले.

सुरुवातीला त्याचे मत चांगले होते. कोणालाही बळजबरीने आपल्यात ओढायचे नाही, वाद घालायचा, पटवून द्यायचे. त्याने खरोखरच वाद घातले, पत्रे लिहिली, सामान्यांना पाठ करता यावे म्हणून साधे पद्य रचले. मग ४०५ मध्ये सम्राट होनोरियसने डोनाटिस्टांविरुद्ध एकतेचा हुकूम काढला. त्यानंतर तीन वर्षांनी, ४०८ मध्ये, व्हिन्सेन्टियस नावाच्या एका जुन्या ओळखीच्या बिशपला ऑगस्टीनने लांबलचक पत्र लिहिले. त्यात त्याने प्रामाणिकपणे कबूल केले, की माझे मत बदलले आहे. युक्तिवादाने नव्हे, उदाहरणांनी बदलले. पहिले उदाहरण त्याने दिले ते स्वतःच्या गावाचे. सगळे गाव डोनाटिस्ट होते, कायद्याच्या भीतीने इकडे आले, आणि आता बघा, जणू कधी तिकडे नव्हतेच. भीतीने आले तरी आल्यावर खरे पटते, तेव्हा भीतीत वाईट काय? येशूच्या एका दृष्टान्तात यजमान नोकराला सांगतो, की रस्त्यावरच्या लोकांना आत यायला भाग पाड. जेवणाच्या आमंत्रणाची ही गोष्ट. तिचा उपयोग ऑगस्टीनने सरकारी जबरदस्तीच्या समर्थनासाठी केला.

४११ च्या जूनमध्ये कार्थेजला सम्राटाच्या अधिकाऱ्यासमोर मोठी परिषद भरली. दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून जास्त बिशप आले. निकाल डोनाटिस्टांच्या विरोधात गेला. अध्यक्ष सम्राटाचा, कायदा सम्राटाचा, तिथे दुसरा निकाल लागणार तरी कसा? ४१२ मध्ये कायदा आला. जे ऐकणार नाहीत त्यांना त्यांच्या दर्जाप्रमाणे दंड. वरच्या लोकांना कित्येक पौंड सोने. आणि गुलाम व कुळे यांच्यासाठी? त्यांना मालकाने वारंवार फटके मारून सुधारायचे. एकाच गुन्ह्याला जन्माप्रमाणे आणि दर्जाप्रमाणे वेगवेगळी शिक्षा! मनुस्मृती ज्यांनी वाचली आहे, आणि जी बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला जाळली, त्यांना हा हिशेब नवा नाही.

ऑगस्टीनला क्रूर राक्षस म्हणून रंगवणे मात्र खोटे ठरेल. डोनाटिस्टांना देहदंड देऊ नका, त्यांचे हातपाय तोडू नका, अशी विनंती त्याने त्याच अधिकाऱ्याला पत्र लिहून केली होती. त्याचे म्हणणे असे, की आईबाप आणि मास्तर जशी छडी वापरतात तेवढीच पुरे. आम्हाला जास्त अस्वस्थ करते ते हेच. त्याला माणसे मारायची नव्हती, सुधारायची होती. त्याचे त्यांच्यावर प्रेम होते आणि प्रेम असल्यामुळेच छडी योग्य आहे, असे तो म्हणतो.

त्या छडीचे फळ फुस्साला या गावात दिसले. हिप्पोपासून दूरचे हे डोंगराळ खेडे पूर्वी डोनाटिस्टांचे होते. ते "एकतेत" आणल्यावर तिथे प्यूनिक बोलणारा बिशप हवा होता. ऑगस्टीनने घाईघाईत आपल्या मठात वाढलेला अँटोनिनस नावाचा विशीतला तरुण नेमला. त्याने गावाला लुटले. पैसे, कपडे, गुरे, धान्य, घरांचे दगडसुद्धा सोडले नाहीत. गावकरी तक्रार घेऊन उभे राहिले. ऑगस्टीन इतका खचला की बिशपपद सोडण्याची भाषा करू लागला. त्याची खंत खरी होती. पण आधी त्या गावकऱ्यांना कोणी विचारले होते का, की तुम्हाला आमच्यात यायचे आहे का?

हे वाचून झाले त्या रविवारी वर्गात नेहमीसारखी चर्चा झाली नाही. सगळे गप्प होते. त्याचे कारण आमच्या वस्तीत आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही विहारात तरुणांचे मंडळ उभे केले. बावीस प्रतिज्ञा घरोघर पोचवायच्या असा निर्धार होता. वस्तीत बऱ्याच घरांत पुढच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि आतल्या खोलीत फडताळात जुने टाक. आम्हाला त्याची फार चीड येत असे. सुरुवातीला आम्ही घरोघर जाऊन बोललो, पुस्तिका वाटल्या, व्याख्याने ठेवली. कामाची गती कमी होती. मग एका घरावर आम्ही जरा जोर केला, विहाराच्या बैठकीत सर्वांसमोर नाव घेतले, आणि आठवड्यात त्या घराने टाक काढून टाकले. पाठोपाठ आणखी दोन घरांनी काढले. आम्हाला वाटले, हे बरे आहे. ठराव झाला, की ज्या घरात देव सापडतील त्या घरच्या लग्नाला आणि मयताला मंडळ उभे राहणार नाही.

वस्तीत एक आजी होत्या. सत्तरी ओलांडलेल्या. पंचशील तोंडपाठ. दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात सगळ्यांच्या आधी हजर. त्यांच्या फडताळात कुंकवाच्या डबीशेजारी एक टाक आहे असे कोणीतरी सांगितले. आम्ही चार-पाच जण गेलो. आजी म्हणाल्या, "माज्या मालकाच्या नावाचा हाय तो. देव नाय. त्यांचा फोटू नाय काढला कधी." आम्ही ऐकून घेतले नाही. पूर्वजांचा टाक म्हणजे श्राद्धाचाच प्रकार, असे त्यांना समजावले. समजावले म्हणजे काय, आम्ही पाच जण उभे होतो आणि त्या एकट्या बसल्या होत्या. शेवटी त्यांनीच तो उचलून आमच्या हातात दिला. आम्ही तो नदीत सोडला आणि मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला.

त्यानंतर आजी विहारात आल्या नाहीत. पुढच्या पौर्णिमेला नाही, चौदा एप्रिललाही नाही. आम्ही म्हटले, रुसल्या असतील, येतील.

ऑगस्टीनचे ते पत्र वाचताना आमच्या लक्षात आले, की आम्ही त्याच पायऱ्यांनी खाली आलो होतो. आधी पटवणे. मग एक उदाहरण, की जोर केला तर काम होते. मग जोराला तत्त्वाचा आधार. आणि शेवटपर्यंत हे सगळे समोरच्याच्या भल्यासाठी. आमच्याकडे सम्राट नव्हता एवढाच फरक. पण ज्या वस्तीत मयताला खांदा द्यायला दुसरे कोणी येणार नाही, तिथे मंडळ पाठ फिरवणार म्हणणे ही लहान सत्ता नव्हे. बहिष्कार म्हणजे काय हे ज्यांच्या आज्यापणज्यांनी भोगले, त्यांनीच तो आपल्या आजीवर उगारला होता.

म्हणून आम्हाला वाटते की वसाहतवादाला प्रश्न विचारणारी इतिहासदृष्टी, जिला आता सगळे डिकलोनियल म्हणतात, ती जन्मस्थानाच्या दाखल्यापाशी थांबता कामा नये. ऑगस्टीनचा रंग कोणता, खंड कोणता, हे सांगणे आवश्यक आहे, कारण युरोपने ते पुसले. पण वसाहतीतला शिकलेला माणूस साम्राज्याची छडी आपल्याच लोकांवर चालवू शकतो, हेही त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. मॅक्सिमसला भाषेबद्दल सुनावणारा आणि खेड्यांवर सम्राटाचा कायदा आणणारा, हा एकच माणूस आहे.

गुलामगिरीबद्दलही असेच दिसते. 'देवाचे नगर' या त्याच्या प्रचंड ग्रंथात तो मान्य करतो, की देवाने माणसाला माणसाचा धनी म्हणून घडवले नव्हते. आपल्याला वाटते, आता हा गुलामगिरी मोडा म्हणणार. पण तो म्हणतो, गुलामगिरी ही पापाची शिक्षा आहे, देवाच्या न्यायाने आलेली. म्हणून गुलामाने मनापासून सेवा करावी आणि हा अन्याय संपायची वाट पाहावी. पूर्वजन्मीच्या कर्माने तू या जातीत आलास, मुकाट्याने आपला धर्म पाळ म्हणजे पुढचा जन्म चांगला मिळेल, हे आपल्याला सांगणाऱ्यांची युक्ती याहून फार वेगळी नाही. दोन्हीकडे दुःख ज्याचे, दोष त्याचाच. आणि जो मालक बसून खातो त्याच्या पापाचा हिशेब कोणी मागायचा नाही.

इथेही दुसरी बाजू सांगितली पाहिजे. योहानेस दिव्याक या अभ्यासकाला सापडलेली ऑगस्टीनची काही पत्रे १९८१ मध्ये छापली गेली. त्यातल्या एका पत्रात म्हातारा ऑगस्टीन हिप्पोच्या बंदरावरच्या गुलामांच्या व्यापाऱ्यांबद्दल कळवळून लिहितो. खेड्यांतून स्वतंत्र माणसे, मुले पळवून जहाजावर घालत होते. त्याच्या चर्चच्या लोकांनी सुमारे १२० जणांची सुटका केली. हे काम मोठेच आहे. पण त्याची तक्रार बेकायदा पळवलेल्या स्वतंत्र माणसांबद्दल आहे. जे कायद्याने गुलाम होते त्यांची बेडी त्याने ईश्वरी न्यायात बसवून टाकली होती.

आणि एक स्त्री. ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात आईबद्दल पानेच्या पाने लिहिली. जिच्यासोबत तो सुमारे पंधरा वर्षे राहिला, जिच्यापासून त्याला अदेओदातुस हा मुलगा झाला, तिचे नाव त्याने कुठेही लिहिले नाही. मिलानला मोठ्या घरची सोयरीक जमल्यावर तिला आफ्रिकेला परत पाठवले. मुलगा बापाकडे राहिला. ठरवलेली वधू लग्नाच्या वयाला अजून दोन वर्षे कमी होती. ताटातुटीने आपले काळीज रक्तबंबाळ झाले असे त्याने लिहिले आहे. तिच्या काळजाचे काय झाले, हे सांगायला ती उरली नाही. आमच्या मैत्रिणीने त्या दिवशी विचारले, "एवढे मोठे पुस्तक लिहिले, एक नाव लिहायला जागा नव्हती?"

ऑगस्टीनच्या शब्दांचे पुढे काय झाले त्याला तो एकटा जबाबदार नाही. पण झाले ते विसरता येत नाही. १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना दिलेले संरक्षण काढून घेतले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ऑगस्टीनची डोनाटिस्टांविरुद्धची पत्रे छापून निघाली, की बघा, आफ्रिकेच्या चर्चने जे केले तेच फ्रान्सचे चर्च करीत आहे. पिएर बेलने पुढच्याच वर्षी त्या "भाग पाड"ला उत्तर देणारा ग्रंथ लिहायला घेतला.

मग आले खुद्द अल्जीरिया. १८३० मध्ये फ्रान्सने तो देश घ्यायला सुरुवात केली. १८४२ मध्ये इटलीतल्या पावियाहून ऑगस्टीनच्या हाडांचा एक अवशेष अ‍ॅनाबाला, तेव्हाच्या बोनला, समारंभाने आणला गेला. सांगायचे असे होते, की आम्ही परके नाही, ही आमचीच जुनी लॅटिन, ख्रिस्ती भूमी आहे, मध्ये अरब आले होते. हिप्पोच्या अवशेषांवरच्या टेकडीवर १८८१ मध्ये त्याच्या नावाच्या भव्य चर्चचे काम सुरू झाले. त्याच वर्षी अल्जीरियातल्या मूळ रहिवाशांसाठी वेगळे, हीन कायदे लागू करणारी संहिता आली. आणि ज्या कालामात ऑगस्टीनचा मित्र पॉसिडियस बिशप होता, त्याच गावात, आजच्या गेल्मात, मे १९४५ मध्ये वसाहतवाल्यांच्या टोळ्यांनी अल्जीरियन तरुणांना पकडून मारले. एका आफ्रिकन माणसाला पुढे करून आफ्रिकनांची जमीन लाटली गेली. स्वतंत्र अल्जीरियाने २००१ मध्ये ऑगस्टीनवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि त्याला आपल्या भूमीचा पुत्र म्हणून परत घेतले, ते योग्यच झाले.

आपल्या जवळही ही खूण आहे. जुन्या गोव्यात लाल जांभ्या दगडाचा एक उंच, अर्धा पडलेला मनोरा आहे. पर्यटक फोटो काढतात. तो ऑगस्टिनियन संघाच्या मठाचा. हा संघ ऑगस्टीनच्या कितीतरी शतकांनंतर, तेराव्या शतकात उभा राहिला आणि १५७२ मध्ये पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. याच संघातले आलेशु द मेनेझेस गोव्याचे आर्चबिशप झाले. १५९९ मध्ये त्यांनी केरळात उदयंपेरूरला धर्मसभा भरवली. तिथल्या सुरियानी ख्रिस्त्यांना, जे पोर्तुगीजांच्या कित्येक शतके आधीपासून ख्रिस्ती होते, त्यांना रोमच्या शिस्तीत आणले आणि त्यांचे सुरियानी ग्रंथ जाळायला लावले. भाषा तीच होती, एकतेची. १६५३ मध्ये त्या समाजाने मट्टनचेरीला शपथ घेऊन ते जोखड झुगारले. मात्र त्याच सुरियानी समाजात दलित ख्रिस्त्यांना बरोबरीची जागा नव्हती, हेही सांगून टाकू. ज्याच्यावर अन्याय झाला तो आपोआप न्यायी होत नाही.

हे शेवटचे वाक्य आज आपल्या देशात फार गरजेचे आहे. कारण डिकलोनियल हा शब्द आता ब्राह्मणी छावणीनेही उचलला आहे. जात इंग्रजांनी आणली, मनुस्मृतीला उगाच बदनाम केले, इंग्रज येण्याआधी सगळे सुखात होते, असे सांगायला तो फार सोयीचा पडतो. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केली. परकीय म्हणून सगळे टाकायचे आणि देशी म्हणून सगळे पुजायचे, हा हिशेब त्यांनी कधी केला नाही. कोणता विचार माणसाची मान मोकळी करतो आणि कोणता दाबतो, एवढेच त्यांनी पाहिले. तीच फुटपट्टी ऑगस्टीनला लावायची आणि तीच स्वतःला.

आमचा मार्ग काय, हे सांगायला आम्हाला लांब जावे लागत नाही. बुद्धाने केसमुत्तीच्या कालामांना सांगितले, की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणूनसुद्धा मान्य करू नका, स्वतः पारखून घ्या. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी लोकांना विचार करायला दिली. महापरिनिर्वाणाच्या जेमतेम दोन आठवडे आधी, २० नोव्हेंबरला, काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलताना त्यांनी हाच फरक मांडला. बळाने आणलेला बदल बळ असेपर्यंत टिकतो, मनाने आलेला बदल माणसाबरोबर राहतो.

कोणी म्हणेल, मग काय फडताळात देव राहू द्यायचे? प्रतिज्ञा काय कागदावरच्या? आमचे उत्तर असे, की प्रतिज्ञा घेणाऱ्याची असते. ती दुसऱ्याच्या घराची झडती घेण्याचा परवाना नाही. आम्ही बोलत राहू, वाचत राहू, वाद घालत राहू, शंभर वेळा सांगू. पण लग्न आणि मयत यांच्या बदल्यात धम्म विकणार नाही.

तो ठराव आम्ही मागच्या महिन्यात विहाराच्या बैठकीत रद्द केला. सगळ्यांना पटला असे नाही. दोन कार्यकर्ते उठून गेले. त्यांच्याशी आमचे बोलणे चालू आहे, आणि त्यांच्यावर आम्ही बहिष्कार टाकलेला नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही आजींकडे गेलो. तेच पाच जण. या वेळी खाली बसलो. चूक झाली म्हणालो. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्या विहाराच्या विटा आमी बायांनी डोक्यावर वाह्यल्या. तवा तुमी जन्माला बी नव्हता. मला बुद्ध शिकवाया आला व्हय रं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. टाक नदीतून परत येणार नव्हता. चहा मात्र त्यांनी पाजला.

निघताना आम्ही त्यांना त्यांच्या मालकांचे नाव विचारले. पाच जण त्या दिवशी घरात घुसलो होतो, एकानेही ते विचारले नव्हते. त्यांनी सांगितले. आमच्यातल्या एका मुलीने ते वहीत लिहून घेतले, आणि विहाराच्या बांधकामाच्या जुन्या हजेरीवहीत तेच नाव सापडते का ते आता आम्ही पाहत आहोत.

येत्या पौर्णिमेला आजी विहारात येतील की नाही माहीत नाही. येणे न येणे त्यांच्या हातात आहे.

जय भीम.